वाड्यातलं भूत आणि वाड्याचा हिशेब

श्रीमंत घराण्याचा काळा वारसा हा विषय घेऊन गॉथिक वळणाची, म्हणजे जुनी वास्तू आणि तिच्यात दडलेलं पाप यांची, भयकादंबरी लिहिणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतली काही, थोडी संक्षिप्त करून, उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न (रत्नागिरी): माझ्या कादंबरीत खोतांचा पडका वाडा आहे. पणजोबांनी काहीतरी पाप केलं म्हणून घराण्याला शाप लागलाय. विहिरीवर बाई दिसते, रात्री पैंजण वाजतात. पण वाचून पाहणारे म्हणतात की भीती वाटत नाही. काय कमी पडतंय?

उत्तर: ‘काहीतरी पाप’ हे दोन शब्द काढा, तिथूनच दुरुस्ती सुरू होईल. या जातीच्या कादंबरीत भुताच्या आधी हिशेब लागतो. कुणाचं घेतलं, किती घेतलं, कोणत्या कागदाच्या आधारे घेतलं आणि आज घरातलं कोण त्यावर जगतंय, हे चार मुद्दे वहीत उतरल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहू नका.

खोतीत हे सगळं तयार मिळतं. खोत सरकारला ठरलेला सारा भरायचा, कुळांकडून खंड, म्हणजे जमीन कसण्याचा मोबदला, घ्यायचा आणि मधली रक्कम त्याची. भातजमिनीला अर्धेल म्हणजे निम्मं पीक, वरकस म्हणजे हलक्या जमिनीला तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा, वर वेठ वेगळी. कुळाकडून कबुलायत, म्हणजे या अटी मान्य असल्याचा कागद, लिहून घ्यायची. ज्याला अक्षर येत नाही तो अंगठा उठवायचा. याच जाचाविरुद्ध अलिबागजवळच्या चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी संप केला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि खोती कायद्यानं गेली १९४९ मध्ये. पुढे कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्या कुळांना मालकी दिली. तेव्हा तुमच्या वाड्यात १९५७ नंतरही श्रीमंती असेल, तर ती कशी टिकली याचं उत्तर तुम्हाला द्यावंच लागेल. आंब्याची बाग ‘खासगीत’, म्हणजे खोताची स्वतःची म्हणून, दाखवण्यासाठी कुठल्या कुळाचं नाव कागदावरून गेलं? तुमचं पाप तिथे शोधा.

मग एक वस्तू निवडा. आमची सूचना पायलीची, म्हणजे धान्याच्या मापाची, आहे. चार शेरांची पायली, पण घरात दोन: एक घ्यायची, एक द्यायची. उंची सारखी, काठावरची नक्षी सारखी. घ्यायच्या पायलीत साडेचार शेर मावतात. द्यायच्या पायलीचा तळ आतून उचललेला, म्हणून तीत साडेतीनच. आषाढात कूळ शंभर पायल्या खावटी, म्हणजे खायला उसनं धान्य, नेतं, दिवाळीनंतर दिढीनं म्हणजे दीडपटीनं दीडशे फेडतं. वहीत लिहिलंय चारशे शेर दिले, सहाशे आले. प्रत्यक्षात साडेतीनशे दिले आणि सहाशे पंचाहत्तर आले. नातसून माळ्यावरच्या दोन पायल्या सहज घासायला काढते, एकीतले तांदूळ दुसरीत ओतते आणि ते फरशीवर सांडतात. घरातलं कुणी काही बोलत नाही, फक्त सासू पटकन सुपात तांदूळ गोळा करते. हा प्रसंग नीट उतरला तर पैंजणांची गरजच उरणार नाही. रात्री कोठीतून मापाचा आवाज यावा, पहिल्या मापाला ‘लाभ’, मग ‘दोन’, ‘तीन’, आणि मोजणारा दर वेळी एकाच आकड्याला थांबून पुन्हा लाभापासून सुरू करावा. झालेल्या अन्यायाचीच कृती भूत करत असेल तर ते त्या घरातलंच वाटतं. विहिरीवरची बाई कुठल्याही वाड्यात खपते, म्हणून ती तुमच्या वाड्यात नको.

आणखी एक उपयोगी गोष्ट. खोतीत भाऊबंदांच्या तक्षिमा म्हणजे वाटे असत आणि वहिवाट, म्हणजे खोतीचा कारभार, पुष्कळदा पाळीनं फिरे. म्हणजे दफ्तरही हात बदलणार. एका पाळीच्या वर्षाची वही गायब आहे, एवढ्यावर तुमचं मधलं शंभर पानांचं कथानक उभं राहील.

प्रश्न (पुणे): कादंबरी २०२४ मध्ये घडते. १९३४ चा खून पणजीनं पाहिलाय. तेव्हा ती अठरा वर्षांची नवी सून होती. ती जिवंत दाखवता येईल का?

उत्तर: ती १०८ वर्षांची होते. तिला साक्षीदार सात वर्षांची मुलगी केलंत तरी २०२४ मध्ये ९७. त्यापेक्षा वर्तमानकाळच १९९३ वर आणा, म्हणजे तीच मुलगी ६६ वर्षांची, चालती-बोलती. शिवाय गावात मोबाइल नसतो आणि मोडी वाचणारी म्हातारी माणसं अजून सापडतात; दोन्ही गोष्टी कथानकाच्या कामाच्या. लहान मूल जे पाहतं त्याचा अर्थ त्याला लागत नाही, हा फायदा वेगळाच.

वंशावळ मोठ्या कागदावर काढा. प्रत्येक मृत्यूसमोर वर्ष, वय, घरात सांगितलं जाणारं कारण आणि खरं कारण लिहा. नवख्या हस्तलिखितांत इथे एक चूक हमखास होते: सगळेच मृत्यू संशयास्पद. बारा मृत्यूंपैकी तीन पुरे. बाकीचे हिवतापानं, बाळंतपणात, म्हातारपणानं जाऊ द्या. १८९६ नंतरचा प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ ही खून लपवायला सोयीची वर्षं आहेत, कारण घरोघरी माणसं जात असताना चौकशी कोण करणार?

प्रश्न (डोंबिवली): दापोलीजवळच्या वाड्यात धान्याचं पेव आहे. त्यात उतरलेला गडी अंगावर जखम नसताना मरतो. हे पटेल ना?

उत्तर: मृत्यू पटेल, दापोली पटणार नाही. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. त्याला कोरडी, घट्ट जमीन लागते. कोकणच्या पावसात त्यात पाणी झिरपेल. तिथे बांबूची शेणानं लिंपलेली कणगी, कोठीची खोली किंवा माळा दाखवा. पेवच हवं असेल तर गोष्ट देशावर न्या. सांगलीजवळचं हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होतं. २००५ च्या महापुरात तिथली बरीच पेवं गेली. हळदीचा व्यापार करणारं पेढीवालं घराणं आणि पुरानंतर उघडं पडलेलं एक पेव, हा आरंभ आम्हाला तुमच्या मूळ आरंभापेक्षा फार आवडला असता.

आता मृत्यूचं कारण. बंद पेवात साठवलेला माल प्राणवायू वापरतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. जाणती माणसं तोंड उघडून पेव बराच वेळ तसंच ठेवतात, मग दिवा खाली सोडतात. दिवा विझला तर कुणी उतरत नाही. तुमच्या कथेत दिवा विझला तरी मालकानं गड्याला उतरायला लावलं, एवढंच पुरे. त्याला काढायला उतरलेला भाऊही जातो. अशा अपघातांत हे खरोखर घडतं. वर उभा असलेला मालक विझलेला दिवा हातात घेऊन परत घरात जातो, हे मात्र कुणीतरी पाहिलेलं असू द्या.

प्रश्न (नागपूर): १९३६, सातारा जिल्हा. एकत्र कुटुंबातल्या तरुण विधवेला नवऱ्याची जमीन मिळते, म्हणून दीर तिला वेडी ठरवून माडीवर कोंडतो. ठीक आहे?

उत्तर: त्या वर्षी एकत्र कुटुंबात तिला जमीन मिळतच नव्हती. नवऱ्याचा हिस्सा राहिलेल्या भावांकडे जाई. तिला अन्नवस्त्र आणि राहायला जागा. १९३७ च्या कायद्यानं विधवेला हयातीपुरता हक्क दिला, पण शेतजमिनीला तो सुरुवातीला लागू नव्हता. मग दिरानं तिला का कोंडावं?

कारण आहे, आणि ते जास्त भयानक आहे: दत्तक. मुंबई इलाख्यात विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्यानं दिलेल्या परवानगीची गरज नसे. घेतलेला मुलगा नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनचा मुलगा धरला जाई, म्हणून दोन-तीन वर्षांनी मांडीवर बसलेलं पोरही दिराच्या ताब्यातला हिस्सा परत मागू शके. (१९५६ च्या कायद्यानं हे थांबवलं, आधीच दुसऱ्याकडे गेलेली मालमत्ता दत्तकाला काढून घेता येत नाही.) दत्तविधानात मूल प्रत्यक्ष देणं-घेणं आवश्यक. आता दिराची भीती काय, ते बघा: तिच्यापर्यंत एकही मूल पोचता कामा नये. माडीच्या खिडक्यांना फळ्या, अंगणात मुलांना खेळायला बंदी, चुलतघरच्या बारशाला दार बंद. वाचकाला कारण कळण्याआधी शंभर पानं ही मुलं नसलेली शांतता दाखवा.

तुम्ही तिला धोत्रा दिल्याचं लिहिलंय, पण तोंडाला फेस आणलात. धोत्र्यानं उलट तोंडाला कोरड पडते, चेहरा लाल होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन उजेड सोसत नाही, माणूस हवेतलं काहीतरी वेचत बडबडतो आणि नंतर त्याला फारसं आठवत नाही. बाहुल्या काही दिवस तशाच राहू शकतात. जाणत्या वैद्याला ते दिसणारच, म्हणून त्या वैद्याचं तोंड कशानं बंद झालं तेही लिहा.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): इथल्या एका जुन्या हवेलीवर मराठीत लिहायचंय. मराठी वाचकाला ते परकं वाटेल का?

उत्तर: हा प्रकार जन्मला तिथेच. १७६४ च्या अखेरीस आलेल्या होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ या कादंबरीत आजोबांनी धन्याला विष घालून, खोटं मृत्युपत्र करून किल्ला बळकावलेला असतो. तेव्हा हवेलीचा पैसा कुठला ते आधी ठरवा. साखरेचा असेल तर १८३३ च्या कायद्यानं गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना काहीच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं त्या मालकांची नोंदसूची सर्वांना खुली केली आहे. आणि मराठी धागा हवा असेल तर १८१७-१८ च्या इंग्रज-मराठा युद्धातली लूट घ्या. ‘डेक्कन प्राइझ मनी’ म्हणून तिच्या वाटणीवर पुढे कित्येक वर्षं भांडणं चालली. त्या वाट्यातला एक दागिना त्या घरात असू शकतो. पिंपळ आणि रातकिडे मात्र तिकडे नेऊ नका. डिसेंबरात चार वाजताच काळोख पडू लागतो आणि नोकरांचा जिना भिंतीआड वेगळा असतो, एवढ्यावर पुष्कळ काम होतं.

प्रश्न (कोल्हापूर): तीनशे पानांत भूत कधी दाखवावं, आणि शेवटी शांत कसं करावं?

उत्तर: पहिली खूण तीस पानांच्या आत, पण तिला साधं स्पष्टीकरण असू द्या. पूर्ण दर्शन एकशे ऐंशीच्या आधी नको. एकूण चार-पाच वेळा, दर वेळी दीड पानापेक्षा कमी, आणि दर वेळी हिशेबातली एक नवी बाब कळली पाहिजे. नुसतं दचकवणं तिसऱ्या वेळी निकामी होतं.

शांत करायला होमहवन लावू नका. जमीन घेतली असेल तर जमीनच परत जायला हवी, आणि ती तोंडी शब्दावर जात नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो, मग तलाठी (आताचा ग्राम महसूल अधिकारी) फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, लिहितो, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्या पंधरा दिवसांत वाड्यातलं कोण हरकत नोंदवायला जातं, यावर तुमचं शेवटचं प्रकरण लिहा.