शेजाऱ्याच्या गाडीच्या आवाजाने झोपमोड होते, बोलून उपयोग झाला नाही. पुढे काय करता येईल?

तुमचा प्रश्न असा : पहिल्या मजल्यावर फ्लॅट, बेडरूमच्या बरोबर खाली स्टिल्ट पार्किंग. शेजारी पहाटे साडेपाचला गाडी चालू करून दहा मिनिटं 'गरम' करतात, रिव्हर्स टाकला की गाणं वाजतं, रात्री-अपरात्री अलार्म बोंबलतो आणि मुलाच्या गाडीचा सायलेन्सर बदललेला आहे. बोलायला गेलात तर 'गाडी म्हटल्यावर आवाज होणारच' असं ऐकवलं.

हे चार वेगळे आवाज आहेत आणि चारही आवाजांवरचं औषध वेगळं आहे. 'गाडीचा त्रास होतो' अशी मोघम तक्रार केलीत तर सोसायटी आणि पोलीस दोघेही ती बाजूला ठेवतात. म्हणून आधी दहा दिवस वहीत नोंद करा : तारीख, वेळ, किती मिनिटं, कुठला आवाज, गाडीचा नंबर. त्यातल्या दोन-तीन वेळा खिडकीतून व्हिडिओ घ्या. तक्रार करताना हीच वही कामाला येते.

रिव्हर्सचं गाणं सगळ्यात सोपं. तो भोंगा बाहेरून बसवलेला असतो आणि रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीला जोडलेला असतो. दोन वायरी सोडवून टोकांना टेप मारली की पाच मिनिटांत काम झालं. गाडीमागचे सेन्सर वेगळे, त्यांची टीकटीक आत ड्रायव्हरला ऐकू येते आणि १ जुलै २०१९पासून नव्या कारना ते सक्तीचेच आहेत. त्यामुळे भोंगा काढला म्हणून सुरक्षितता कमी झाली, हा युक्तिवाद टिकत नाही. शिवाय वेगवेगळे सूर एकामागून एक वाजवणारा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९च्या नियम ११९मध्ये बसत नाही, आणि ध्वनिप्रदूषण नियम २०००नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ हॉर्न वाजवायला बंदी आहे. साडेपाच म्हणजे कायद्याने रात्रच.

गाडी गरम करण्याचं खूळ कार्ब्युरेटरच्या काळातलं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला थंडीतही अर्धा ते एक मिनिट पुरतं. चालू केल्यावर टॅकोमीटरचा (इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा) काटा बाराशे-पंधराशेवर असतो आणि मिनिटभरात साडेसातशे-साडेआठशेपर्यंत उतरतो. तो उतरला की निघावं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलका ठेवावा. उभ्या गाडीपेक्षा सावकाश चालणाऱ्या गाडीचं इंजिन लवकर तापतं, डिझेलही वाचतं. हे शेजाऱ्यांना कायदा म्हणून नाही, गाडीच्या भल्याचं म्हणून सांगा. लोक पोलिसांपेक्षा मेकॅनिकचं लवकर ऐकतात.

याच गाडीचा आवाज मुळातच जास्त वाटत असेल तर कान देऊन ऐका, कारण दर वेळी तो हौसेचा नसतो. बंद-चालू करताना पत्र्याची झणझण येत असेल तर एक्झॉस्टवरचं उष्णतारोधक पत्र्याचं कव्हर सैल आहे, एका जुबली क्लिपमध्ये (स्क्रूने आवळायची पत्र्याची पट्टी) गप्प बसतं. उभ्या गाडीत खडखड आणि किंचित रेस दिल्यावर थांबते, तर सायलेन्सर टांगणारा रबर तुटलाय. सुरुवातीच्या काही सेकंदांची किंचाळी बेल्टची असते, पावसाळ्यात वाढते. आणि रेसबरोबर वाढणारी फुरफुर म्हणजे सायलेन्सरला भोक. रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत आतलं पाणी वाळत नाही आणि तो आतून गंजतो, कोकणच्या हवेत तर लवकरच. ही सगळी कामं गॅरेजमध्ये फार खर्चाची नाहीत. 'दादा, तुमच्या गाडीच्या सायलेन्सरचा रबर तुटलाय वाटतं' हे वाक्य 'तुमच्या गाडीचा त्रास होतो' यापेक्षा कितीतरी पुढे नेतं.

अलार्म अवेळी वाजतो तेव्हा दोष बहुधा शॉक सेन्सरच्या (धक्का ओळखणाऱ्या भागाच्या) सेटिंगचा असतो. बोनेटवर मांजर चढलं, शेजारून ट्रक गेला की भोंगा सुरू. बाहेरून बसवलेल्या युनिटमध्ये डॅशबोर्डखाली छोटी डबी असते, तिच्यावरचा स्क्रू जरासा उलटा फिरवला की संवेदनशीलता कमी होते. एकदम पूर्ण फिरवू नका, नाहीतर काच फोडली तरी अलार्म वाजणार नाही. सेटिंग करूनही वाजत असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा बोनेट उघडल्याचं अलार्मला कळवणारा बोनेटखालचा पिन स्विच गंजलाय. लॉक करतानाची टीकटीक बंद करायला अशा रिमोटवर बहुतेक वेळा काट मारलेल्या भोंग्याचं बटण असतं.

पार्किंगची दिशाही बदलून बघण्यासारखी आहे, पण हे दुधारी आहे. संध्याकाळी रिव्हर्समध्ये लावली तर पहाटे रिव्हर्स टाकावा लागत नाही, मात्र एक्झॉस्ट भिंतीकडे येतो आणि आवाज भिंतीवर-स्लॅबवर आदळून वर चढतो. तुमची खिडकी मागच्या भिंतीवर असेल तर गाडीचं नाक भिंतीकडे ठेवून आत घालणंच बरं.

आता बदललेला सायलेन्सर. इथे समजुतीने भागलं तर उत्तम, नाहीतर नियम बोलावे लागतात, आणि बहुतेक लोक चुकतात ते इथेच. फोनवरचं ॲप '७५ डेसिबल' दाखवतं आणि ते घेऊन लोक पोलीस ठाण्यात जातात. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे हे खरं, पण ती सरासरी पातळी असते, क्षणिक नव्हे. ७५ डेसिबलचा अर्धा मिनिट तासाभरात पसरवला तर सरासरी साधारण ५४ भरते, म्हणजे दिवसाची मर्यादा ओलांडलीच जात नाही. त्यात दिवसाची तक्रार मर्यादेहून १० डेसिबल जास्त असेल तरच या नियमांत बसते. फोनचा माइक प्रमाणितही नसतो. त्याचा उपयोग एवढाच की खिडकी उघडी-बंद असताना किती फरक पडतो ते कळतं.

म्हणून डेसिबलवर भांडू नका, फेरफारावर भांडा. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि मालकाने केले तर कलम १८२अ(४)नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाचे निकष मोडणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणाऱ्याला कलम १९०(२)खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. सायलेन्सर चुकवून धूर सोडणारा कट-आउट असेल तर कलम १९४फ, पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा सापडल्यास २,०००. जागेवरचं चलान याहून कमी रकमेचं असू शकतं. 'सार्वजनिक ठिकाणी' हे शब्द लक्षात ठेवा. व्हिडिओ गेटच्या आतला असेल तर वाद होतो, गेटबाहेरच्या रस्त्यावर नंबर प्लेट दिसेल असा घ्या. आणि 'पीयूसी आहे ना' याला उत्तर असं की पीयूसीत धूर तपासतात, आवाज नाही.

तक्रार वाहतूक शाखेत किंवा आरटीओत लेखी द्या आणि पोच घ्या. राज्याच्या महाट्रॅफिक ॲपवरही नागरिकांना तक्रार पाठवता येते. ११२ला फोन तेव्हाच करा जेव्हा आवाज चालू आहे आणि थांबत नाही, उदाहरणार्थ रात्रभर वाजणारा अलार्म. पोलिसांची गाडी येईपर्यंत सुसाट निघून गेलेल्या आवाजाचं कुणी काही करू शकत नाही.

त्याआधी सोसायटी. सेक्रेटरींच्या नावे पत्र द्या, पण एकट्या शेजाऱ्यावर कारवाई मागू नका. सगळ्यांना लागू होईल असा ठराव मागा : रात्री १० ते सकाळी ६ पार्किंगमध्ये बाहेरचा रिव्हर्स भोंगा, हॉर्न आणि एक मिनिटापेक्षा जास्त गाडी चालू ठेवणं बंद. कमिटीला मनाने दंड लावता येत नाही, तो सर्वसाधारण सभेत ठरावा लागतो, म्हणून ठराव सभेच्या विषयपत्रिकेवर वेळेत घ्यायला लावा. गाडीवाला भाडेकरू असेल तर पत्र फ्लॅटमालकाला, कारण सभासद तो आहे. पार्किंगची जागा अदलाबदल करून मिळाली तर हा सर्वांत स्वस्त तोडगा. सगळं हरलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज करता येतो. मात्र त्रास फक्त तुम्हाला नाही, इतरांनाही आहे हे दाखवावं लागतं, त्यामुळे दोन-तीन शेजाऱ्यांच्या सह्या आधीच घ्या.

हे सगळं चालू असताना झोप हवी, तर खिडकीकडे बघा. उदबत्ती पेटवून बंद स्लायडिंग खिडकीच्या कडेने फिरवा. धूर जिथे वाकतो तिथून हवा येते, आणि हवा येते तिथून आवाज येतो. शटरच्या कडेचे झिजलेले ब्रश (फट बुजवणाऱ्या केसाळ पट्ट्या) बदला, शटर खाली बसलं असेल तर खालच्या रोलरचा स्क्रू फिरवून वर घ्या, चौकट आणि भिंतीमधली फट सिलिकॉनने भरा. एसीच्या पाइपचं भोक आणि बाथरूमची काचपट्ट्यांची जाळी लोक विसरतात. एवढ्यानेही भागलं नाही तर आतल्या बाजूने दुसरी खिडकी, मधे किमान ७५ ते १०० मिलीमीटर पोकळी आणि दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या. अंड्यांचे ट्रे, फोम आणि जाड पडदे खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत. आणि बदललेल्या सायलेन्सरची खोल घरघर दुहेरी काचेतूनही थोडी येतेच, कारण इतक्या खालच्या सुराला अडवायला काचेचं वजन पुरत नाही.