माडीच्या सागवानी फळ्यांसाठी पोस्टातली ठेव मोडावी का?

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, चोपडा तालुक्यात राहतो. वडिलांच्या वेळच्या माडीला सागाच्या इंचभर जाड फळ्यांची जमीन आहे, तीनशे चौरस फूट. फळ्या काळवंडल्या, फटी पडल्या, खिडकीजवळच्या चार मऊ झाल्या. ठेकेदार फळ्यांवर कोबा करून टाइल्स बसवायचे 1,90,000 मागतो. सुतार चार फळ्या बदलून, घासून पॉलिश करायचे 65,000 सांगतो. घर पेन्शनवर चालतं, बचत खात्यात 1,20,000 आहेत. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जून 2023 पासून 15 लाख आहेत. ते मोडून टाइल्स करून टाका, असं मुलाचं म्हणणं.

उत्तर: गुरुजी, ठेव मोडू नका आणि त्या फळ्यांवर सिमेंटही ओतू देऊ नका.

या खात्यातून लागतील तेवढेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटल्यामुळे मुदलाचा 1 टक्का कापतील, म्हणजे 15,000 रुपये. तुम्हाला 8.2 टक्के दर पाच वर्षांसाठी पक्का मिळालाय, तिमाहीला 30,750 रुपये येतात. टाइल्समध्ये गेलेल्या 1,90,000 वरचं वर्षाचं 15,580 व्याजही गेलंच. मुलाला काळजी आहे म्हणूनच तो म्हणतोय, पण हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

आणि टाइल्सनं घर सुधारेल का? दोन इंच कोबा आणि वर टाइल्स म्हणजे चौरस मीटरला साधारण 120 किलो. तुमच्या माडीवर तीन टनांहून जास्त कायमचा बोजा, तोही जुन्या लाकडी तुळयांवर. शिवाय खाली झाकलेली फळी कुजू लागली तर कळणारच नाही. ठेकेदारानं तुळया तपासल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही, हे मला सगळ्यात खटकलं.

फळ्या खिडकीजवळच्याच मऊ झाल्या, यावरून माझा संशय कूलरवर आहे. आपल्याकडे होळीपासून पाऊस पडेपर्यंत कूलर चालतो, टाकीतून थेंब थेंब गळतं आणि पाणी फळीच्या सांध्यात मुरतं. आधी कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर घ्या. हे न करता केलेलं पॉलिश म्हणजे पैसे पाण्यात. मग टोच्या घेऊन सुताराला प्रत्येक तुळईची भिंतीत गेलेली टोकं टोचून बघायला सांगा. टोच्या सहज आत गेला, ठोकल्यावर पोकळ वाजलं किंवा उधईच्या मातीच्या नळ्या दिसल्या, तर काम थांबवा आणि इंजिनिअरला दाखवा. सागाच्या गाभ्याला उधई सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते. तुळई खरंच खचलेली निघाली तर मात्र 15,000 ची कपात सोसून खातं मोडलं तरी माझी हरकत नाही. तिथे जिवाचा प्रश्न आहे.

फटींची चिंता करू नका. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. एप्रिलमध्ये फटीत लांबी (पुट्टी) भरली तर जुलैत ती वर ढकलली जाते.

सुताराचं काम दोन टप्प्यांत करा. आत्ता फक्त चार फळ्या आणि कूलरचा स्टँड. याला अठरा-वीस हजार बचत खात्यातून द्या, एक लाख अडीअडचणीला शिल्लक राहतील. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत महिना 6,000 ची आवर्ती ठेव केली की 48,000 जमतात. पेन्शनवर घर चालतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हा हप्ता तिमाही व्याजातून सहज निघेल. पॉलिश दिवाळीनंतर करा, तोवर फळ्यांतली पावसाळी ओल उतरलेली असते.

पॉलिशच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा. घासण्याआधी प्रत्येक खिळ्याचं डोकं फळीच्या आत ठोकलेलं हवं. फळी इंचभर जाड आहे, घासताना जेमतेम अर्धा मिलिमीटर जातो, म्हणजे ही जमीन पुढच्या पिढीतही पुन्हा घासता येईल. जवसाचं तेल वापरलं तर तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून ठेवू देऊ नका, ते आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळ्या हवेत सुटे पसरून वाळवा.

एरवी पाण्याची बादली माडीवर नेऊच नका. काकूंना सांगा, रोज केरसुणी आणि घट्ट पिळलेलं फडकं पुरे. जिन्याच्या तोंडाशी जाड पायपुसणं टाका, कारण पायाला लागून आलेली रेती पॉलिश खरवडते. आणि काढलेल्या चार फळ्या कुणाला फुकट देऊ नका. त्यांची चांगली टोकं कापून ठेवा, पुढच्या दुरुस्तीला तसला जुना साग बाजारात महाग पडेल.