भाजक उलटा का करायचा?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. अपूर्णांकांच्या भागाकारात भाजक उलटा करून गुणावे, हा नियम तिला पाठ आहे आणि तिची उत्तरेही बरोबर येतात. मात्र 2 ला 3/4 ने भागल्यावर उत्तर 2 पेक्षा मोठे कसे येते आणि भागायला सांगितलेले असताना गुणायचे कशासाठी, असे तिने विचारले तेव्हा मला काहीच सांगता आले नाही. कृपया समजावून सांगावे. – एक पालक, गिरगाव, मुंबई

उत्तर : आपल्या मुलीने अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. भागाकार म्हणजे सारखी वाटणी, एवढाच अर्थ मुलांच्या मनात पक्का झालेला असतो आणि पाऊण जणांत वाटणी करता येत नसल्यामुळे त्यांचे अडते. अशा वेळी भागाकाराचा दुसरा अर्थ, म्हणजे भाज्यात भाजक किती वेळा मावतो, हा आधी समोर ठेवावा.

दादरच्या हिंदमाता परिसरातून आपण 2 मीटर कापड आणले आणि एका ब्लाउजला पाऊण मीटर लागते असे समजा. कापडावर खडूने पाव-पाव मीटरवर खुणा करायला तिला सांगा. एका मीटरचे 4 पाव, म्हणून 2 मीटरचे 8 पाव होतात आणि प्रत्येक ब्लाउजला 3 पाव लागतात. म्हणजे आता फक्त 8 ला 3 ने भागायचे उरले. येथे आपण 2 ला 4 ने गुणले आणि 3 ने भागले. भाजक उलटा करून गुणणे ते हेच. छेदातल्या 4 ने किती तुकडे झाले ते कळले आणि अंशातल्या 3 ने त्यांचे गट पाडले. मोजायचे माप 1 पेक्षा लहान असल्यामुळे ते 2 पेक्षा अधिक वेळा मावते, म्हणून उत्तर मोठे येते.

उत्तर आहे 2 पूर्णांक 2/3, आणि खरी गफलत येथेच होते. दोन ब्लाउज बेतल्यावर अर्धा मीटर कापड उरते, तेव्हा उत्तर अडीच यायला हवे, असे मुलेच काय, मोठी माणसेही म्हणतात. पण उरलेला अर्धा हा मीटरचा अर्धा आहे आणि आपला प्रश्न ब्लाउजांचा आहे. तिसऱ्या ब्लाउजला लागणाऱ्या 3 पावांपैकी 2 पाव हाताशी आहेत, म्हणून 2/3. हा फरक ध्यानात येईपर्यंत पुढचे एकही उदाहरण देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही संख्या अपूर्णांक असल्या तरी तीच रीत चालते. ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या चाळीत पाऊण तासात पिंपाचा 2/3 भाग भरला, तर त्याच धारेने पूर्ण तासात किती भरेल? म्हणजे 2/3 ला 3/4 ने भागायचे. पाऊण तासात तीन पाव तास असतात, म्हणून एका पाव तासात 2/3 चा तिसरा हिस्सा, म्हणजे 2/9 भाग भरतो; तासात असे चार पाव तास, म्हणून 8/9. पुन्हा 3 ने भागले आणि 4 ने गुणले.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 1150 मधील ‘लीलावती’त भाजकाच्या अंश-छेदांची अदलाबदल करून पुढे गुणाकाराप्रमाणे करावे, असे थोडक्यात सांगितले आहे.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पाउणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणायला सांगा, किंवा मुलीलाच ती मांडू द्या : एकाला पाऊण, दोनाला दीड, तिनाला सव्वादोन, चाराला तीन. मग तीच पाउणकी उलटी वाचायची. 3 समोर 4 आहे, म्हणून 3 ला 3/4 ने भागल्यास 4 येतात. आपल्या उदाहरणातले 2 दीड आणि सव्वादोन यांच्या मध्ये पडतात, त्यामुळे उत्तर 2 आणि 3 यांच्या मध्येच असणार, हे गणित करण्याआधीच तिला दिसेल.