प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, आता शेक (रेडिएशन, म्हणजे किरणांचे उपचार) घ्यायचेत, लघवीचं काय?

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. लघवी तुंबायची म्हणून महिन्यापूर्वी दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं. तुकडे तपासले तर कॅन्सर निघाला. शेक लगेच सुरू करावेत का? (कोरेगाव)

घाई करू नका. या ऑपरेशनमध्ये प्रोस्टेट, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असलेली पुरुषांची ग्रंथी, आतून खरवडतात. तिथे पोकळी राहते आणि तिच्यावर नवं आवरण यायला काही आठवडे जातात. जखम कच्ची असताना किरण दिले तर लघवीवरचा ताबा जाणं, मूत्रनलिका आकसणं, रक्त येणं यांचा धोका वाढतो. म्हणून साधारण तीन महिने थांबतात. हा कॅन्सर बहुतेकदा संथ वाढतो, त्यामुळे एवढं थांबणं सहसा परवडतं. जास्त धोक्याचा असेल तर मधल्या काळात हार्मोनचं (पुरुषी हार्मोन दाबणारं) इंजेक्शन सुरू करता येतं. ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

एक कळकळीचं सांगणं. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि तुकड्यांचा रिपोर्ट शेक देणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा. ‘ते जुनं दुखणं, आता काय दाखवायचं’ म्हणून कितीतरी जण ती फाईल घरीच ठेवतात. आधी ऑपरेशन झालंय हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

प्रश्न : जतहून रोज एसटीने मिरजेला येतो. लघवी भरून या म्हणतात, पण गाडीत दम निघत नाही. म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. चालेल का? (जत)

नाही काका, हे थांबवा. लघवीची पिशवी भरलेली असली की तिचा वरचा भाग किरणांपासून दूर राहतो, आतडीही वर सरकतात. पिशवी रिकामी असली की जास्त भाग भाजतो आणि पुढची जळजळ वाढते. पण ती एसटीत भरायची गरज नाही. वाटेत घोट घोट पाणी प्या, पोचल्यावर लघवीला जाऊन या, मग तिथे सांगतील तेवढं पाणी पिऊन सांगतील तेवढा वेळ बसा. तुडुंब नको, प्लॅनिंगच्या स्कॅनला (शेक सुरू होण्याआधी किरणांची आखणी करायला काढतात तो) जेवढी भरली होती तेवढी रोज भरावी. दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्या काहींना लघवी फार वेळ धरवत नाही. तुमचं तसं असेल तर टेक्निशियनला स्पष्ट सांगा. ते माप कमी करून पुन्हा स्कॅन घेऊ शकतात. यात लाजण्यासारखं काही नाही. शेक झाला की मोकळे होऊनच स्टँड गाठा.

प्रश्न : निम्मे शेक झाले. लघवीला आग होते, रात्री पाच-सहा वेळा उठतो. (तासगाव)

हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढतो, शेवटाकडे सर्वांत जास्त असतो आणि शेक संपल्यावर बहुतेकांना महिना-दोन महिन्यांत ओसरतो. तरी आधी लघवी तपासून घ्या. जंतुसंसर्गानेही अशीच आग होते. धार बारीक असेल तर लघवीची वाट मोकळी करणारी टॅमसुलोसिनसारखी गोळी देतात. घाईची लघवी थांबवणारी गोळी मात्र मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. आत लघवी उरत असेल तर ती पूर्ण तुंबू शकते. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर दिवसभरात दीड-दोन लिटर प्या, संध्याकाळनंतर कमी करा, चहा आवरा. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : यजमानांना खोकताना, उठताना लघवी गळते. भजनाला जायचे बंद झालेत. (कराड)

त्यांना पॅड लावून आजच भजनाला पाठवा. लघवी रोखताना आवळतो तो स्नायू आवळून-सोडण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून रोज करावा. काही महिन्यांनीही गळती कमी झाली नाही तर यूरॉलॉजिस्टना दाखवा, उपाय आहेत.

प्रश्न : शेक घेऊन दोन वर्षं झाली. परवा लघवीतून रक्त गेलं, दुखलं काहीच नाही. (वाई)

दुखलं नाही म्हणून सोडून देऊ नका. किरणांनी पिशवीतल्या रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि वर्षांनंतरही त्यातून रक्त येऊ शकतं. पण संसर्ग, खडा, पिशवीतली गाठ हेही तपासून बाजूला काढावं लागतं, त्यासाठी दुर्बीण घालून पाहतात. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. तपासणाऱ्याला शेक घेतल्याचं आधी सांगा, कारण शेकलेली जागा लवकर भरत नाही आणि तिथे पुन्हा खरवडलं तर कायमची गळती लागू शकते. रक्ताच्या गुठळ्या येऊन लघवी अडली तर मात्र रात्र असली तरी थांबू नका.