डॉक्टर, नेमकं जायचं कोणाकडे?

मागच्या वेळी डिप्रेशनवर लिहिलं होतं आणि शेवटी 'तज्ज्ञांना भेटा' असं म्हटलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, की बाई, हा तज्ज्ञ म्हणजे नक्की कोण आणि तो मिळतो कुठे. फोंड्याला माझ्या क्लिनिकमध्येही रोज हाच घोळ असतो, कोणी सहा-सहा महिने पोटाच्या डॉक्टरकडे खेपा घालून येतं, कोणी कुठल्या तरी कोचला पैसे भरून मग येतं. म्हणून आज फक्त हेच प्रश्न. नावं काढलीत आणि गावंही थोडी इकडची तिकडे केलीत.

सायकिअ‍ॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, सगळे एकच ना? (डिचोली)

नाही. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, गोळ्या तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, टेस्ट करतो आणि थेरपी करतो. काउन्सेलर म्हणजे आपले समुपदेशक, घरातले वाद, परीक्षेचं टेन्शन, जवळचं माणूस गेल्याचं दुःख, अशा गोष्टी बोलून सोडवायला मदत करणारे. झोप-भूक उडालीय, कामावर जाववत नाही, भास होतायत, मरणाचे विचार येतायत, तर आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट. काहीच कळत नसेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या (उदास वाटण्यामागे कधीकधी तेच निघतं) आणि पुढे कोणाकडे जाऊ म्हणून त्यांनाच विचारा.

एका सेशनला किती वेळ लागतो?

४५ ते ५० मिनिटं. सायकिअ‍ॅट्रिस्टची फॉलोअपची भेट त्याहून बरीच छोटी असते, त्यावरून रुसू नका.

मी म्हापशाला शिक्षिका आहे. सकाळी शाळेत जायचं म्हटलं की छातीत धडधडतं, हात गार पडतात. इन्स्टावर एक माइंडसेट कोच सापडल्या, दहा सेशनचं पॅकेज पंचवीस हजार, आज भरले तर अठरा. त्या म्हणतात फॅमिली डॉक्टरने दिलेली गोळी बंद करा, ती मेंदू सुन्न करते. भरू का?

भरू नका. आणि गोळी त्यांच्या सांगण्यावरून बंद तर अजिबात करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना आधी फोन करा.

आता जरा बसा, कारण हा माझा दुखरा विषय आहे. आपण बाजारात इसवण घेताना कल्ला उघडून लाल आहे की नाही बघतो, दोनदा वास घेतो, आणि ज्याच्यासमोर आपलं अख्खं मन उघडं करणार त्याला 'तुम्ही शिकलात काय' एवढं विचारायची मात्र आपल्याला लाज वाटते. विचारा. चांगल्या माणसाला राग येत नाही आणि ज्याला राग येतो तो कोण ते तिथेच कळतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, आरसीआय म्हणतात ती, १९९२ चा कायदा आहे त्याचा, आणि नोंदणी झालेल्या प्रत्येकाला सीआरआर नंबर मिळतो. तो मागा आणि कौन्सिलच्या साइटवर तपासा. आतापर्यंत यातले बहुतेक जण एमए करून वर दोन वर्षांचं एम.फिल. केलेले, तेही नुसतं पुस्तकी नाही, हॉस्पिटलात सिनियरच्या नजरेखाली पेशंट बघत केलेलं. डॉक्टर असेल तर मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर चिठ्ठीवर छापलेलाच असतो. घोळ आहे तो समुपदेशकांचा. त्यांच्यासाठी इतकी वर्षं असं कौन्सिलच नव्हतं, २०२१ च्या कायद्यात त्यांना घेतलं पण त्याची घडी अजून नीट बसायचीय, तोवर शनिवार-रविवारचा कोर्स करून कोणीही बोर्ड लावतो आणि 'कोच', 'हीलर' म्हटलं की तर विचारायलाच नको. म्हणून समुपदेशकाला तरी तीन गोष्टी विचाराच: एमए किंवा एमएसडब्ल्यू कुठून केलं, ट्रेनिंगमध्ये प्रत्यक्ष पेशंट किती बघितले, आणि केस हाताबाहेर गेली तर तुम्ही कोणाकडे पाठवता. तिसऱ्याचं उत्तर 'तशी वेळच येत नाही' असं आलं तर चप्पल घाला आणि निघा.

मग डिग्री नसलेला प्रत्येक माणूस भोंदू का? नाही, आणि हे उदाहरण आपल्या गोव्यातलंच आहे. पर्वरीच्या संगाथ संस्थेने इथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत साध्या, मानसशास्त्र न शिकलेल्या लोकांना ट्रेनिंग देऊन डिप्रेशनच्या पेशंटांशी बोलायला बसवलं, सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. डॉक्टरच्या नेहमीच्या उपचाराला याची जोड दिल्यावर लोकांना जास्त फरक पडला, २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अभ्यास छापून आलाय. पण त्या काउन्सेलरांची सेशन रेकॉर्ड करून ऐकली जायची, चुकलं तर सांगायला वर कोणीतरी होतं, आणि कोणाला पुढे पाठवायचं ते आधी ठरलेलं होतं. तुमच्या कोचबाईंच्या वर कोण आहे?

'आज भरले तर सूट' हे तर सोन्याच्या दुकानातसुद्धा संशय यावा असं वाक्य आहे. थेरपीत पहिल्या एक-दोन भेटीत आपलं जमतंय का तेच बघायचं असतं, जमलं नाही तर दुसरा बघायचा, त्यात अपमान कोणाचाच नाही. सगळे पैसे आधी घेऊन ठेवले की तुम्ही न जमणाऱ्या माणसाकडेही पैसे वसूल करायला जात राहता. गॅरंटी देणारा, जुन्या पेशंटांचे फोटो टाकणारा, अर्धा तास स्वतःचीच कहाणी सांगणारा, गोळ्या सोडायला लावणारा, यातलं एक जरी दिसलं तरी मी जाणार नाही. तुमची लक्षणं पॅनिकची वाटतात, पण पत्रावरून मी निदान करत नाही, हृदय आणि थायरॉईड बघून झालं की सायकिअ‍ॅट्रिस्टला एकदा दाखवा. थेरपीची गरज वाटली तर कोणाकडे जायचं ते त्यांनाच विचारा.

हिप्नॉटिझम केला तर एका बैठकीत बरं वाटतं का?

नाही. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्या बाईवर हात पसरून उभा असलेला जो पुतळा आहे ना, तो हिप्नॉटिझमवर काम केलेल्या आबे फारियांचा, आपल्या कांदोळीला १७५६ साली जन्मलेले. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये ते हेच सांगत होते की जादू करणाऱ्याच्या हातात काही नसतं, जे होतं ते समोरच्याच्या मनात होतं. आता पुढचा प्रश्न.

सत्तरीतलं आमचं गाव, सगळे एकमेकांना ओळखतात. बांबोळीला गेले तर कोणीतरी भेटणारच, मग लग्नाचं बोलणं फिसकटेल अशी आईला भीती. बेळगावला जाऊ का? (वय २६)

जाऊ शकता, पण तिसऱ्या खेपेनंतर कोणी जात नाही, पावसात चोर्ला घाट चढून दर पंधरा दिवसांनी कोण जाणार. बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत म्हणजे आयपीएचबीत (लोक अजून 'वेड्यांचं हॉस्पिटल' म्हणतात, राग येतो मला) जो तुम्हाला बघेल तोही तिथे काहीतरी कामानेच आलेला असेल. तरी अवघड वाटत असेल तर दुसऱ्या तालुक्यातला खाजगी डॉक्टर बघा, किंवा पहिली भेट समोरासमोर आणि पुढच्या थेरपीच्या व्हिडिओवर, तसं बरेच जण करतात. फक्त घरात दार बंद करून बोलायला खोली आहे का ते बघा, नाहीतर आई दाराबाहेर आणि तुम्ही 'हं, हं' करताय. तुमची माहिती गुप्त ठेवायचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच आमच्यावर घातलंय. जिवाला धोका असला किंवा कोर्टाचा हुकूम असला, असे मोजके अपवाद आहेत, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

मुलगा २२ वर्षांचा. आठ महिने झाले कॉलेज सोडून, रात्रभर जागा, एकटाच बडबडतो, शेजारी आपल्यावर नजर ठेवतात म्हणतो. दिष्ट काढली, घाडीकडे नेलं, देवाला कौल लावला, उजवी पाकळी पडली. कोणीतरी चांगला काउन्सेलर सांगा.

माई, काउन्सेलर नको. सायकिअ‍ॅट्रिस्ट, आणि ह्याच आठवड्यात. आठ महिने फार झाले. हे जे तुम्ही लिहिलंय त्यावर लवकर औषध सुरू झालं तर मुलं पुन्हा कॉलेजला जाऊ शकतात, जितका उशीर तितकं ते कठीण होतं, आणि हा उशीर बघून बघून माझं डोकं फिरतं. कौलाबद्दल मला काही म्हणायचं नाहीये, फोंड्याची देवळं माझ्या क्लिनिकपासून जवळ, गाऱ्हाणं घालून थेट माझ्याकडे येणारी कितीतरी माणसं आहेत, कपाळावर अंगारा तसाच असतो. देवाने उजवा कौल दिला ना, मग डॉक्टरकडे न्यायला देवाची ना नाही असं समजा आणि निघा. घाडीने मारझोड, धुरी किंवा उपास सांगितला असेल तर मात्र लगेच थांबवा. तो यायला तयार नसेल तर तुम्ही दोघं आधी एकटेच जाऊन डॉक्टरला सगळं सांगा, 'झोप येत नाही ना, त्यावर काही मिळतं का बघू' असं म्हटलं की पुष्कळ मुलं येतात. शेजारी खरंच बघतात की नाही यावर त्याच्याशी वाद घालू नका. स्वतःला किंवा कोणाला इजा करेल असं वाटलं तर वाट बघायची नाही, १०८. मर्जीविरुद्ध दाखल करायची वेळ आली तर त्याचीही कायद्यात पद्धत आहे, ती आयपीएचबीत समजावून सांगतील.

या गोळ्यांची सवय लागते म्हणतात.

कोण म्हणतात? डिप्रेशनच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बंद करायच्या तर डॉक्टरला विचारून हळूहळू, एकदम नाही. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-टेन्शनच्या गोळ्यांची, आणि गंमत म्हणजे त्याच लोक जुनी मळकी चिठ्ठी दाखवून फार्मसीतून वर्षानुवर्षं आणतात.

नवरा रोज पितो. श्रावणात एकदम सोडतो म्हणतो. समुपदेशन पुरेल का?

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडणं धोक्याचं असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, नसलेली माणसं दिसायला लागतात, आणि यात माणूस दगावतोसुद्धा. श्रावण लागायच्या आधी डॉक्टरला दाखवा, ते गोळ्यांच्या आणि बी-१ च्या आधाराने सोडवतील, गरज पडली तर दाखल करून. समुपदेशन त्यानंतर, आणि ते लागतंच. तो आलाच नाही तरी तुम्ही एकट्या समुपदेशकाकडे जा.

मी अकरावीत आहे. घरी न सांगता काउन्सेलरकडे जाता येईल का?

कॉलेजला किंवा हायर सेकंडरीला समुपदेशक येत असतील तर त्यांच्याशी बोलायला जा, त्यांना आधी हेच विचार की घरी काय सांगाल आणि काय नाही. बाहेर उपचार घ्यायचे तर अठरा वर्षांच्या आत पालक लागतात, पण घरी कसं सांगायचं यातही त्या मदत करतात, किंवा मावशी, काका, कोणीतरी असतंच. कोणी अंगाशी वाईट वागत असेल तर ते पोलिसांना कळवायचं बंधन कायद्याने त्यांच्यावर असतं, हे तुला आधीच माहीत असू दे, तरीही सांग. आणि जगू नये असं वाटत असेल तर कॉलेज उघडायची वाट बघू नकोस, आत्ता १४४१६ लाव.

ते १४४१६ काय आहे?

टेली-मानस, २०२२ पासूनची सरकारी हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

इन्शुरन्स मिळतो का?

दाखल झालात तर बहुतेक मिळतो, मानसिक आजाराला इतर आजारांसारखाच विमा द्यायचा असं २०१७ चा कायदा सांगतो. थेरपीची नुसती ओपीडी फी बऱ्याच पॉलिसीत नसते. एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका, पॉलिसीचा कागद वाचा.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक चूर्णासकट, आणि घरातलं एक माणूस जे मध्ये मध्ये बोलणार नाही.