मायग्रेन की फिट? रिपोर्टच्या आधी घड्याळ बघा

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मुलगी अकरावीत, डोळ्यांपुढे चमकतं, उजव्या हाताला मुंग्या येतात, मग डोकं धरून निजते. एका डॉक्टरांनी मायग्रेन सांगितलं, दुसऱ्यांनी ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, थोडं काही दिसलं म्हणून फिट्सची गोळी सुरू केली. आता खरं कोणाचं, आणि गोळी बंद करू का, असं विचारलंय.

आधी गोळीचं. आपल्या मनाने बंद करू नका, एकदम तोडली तर मोठा झटका येऊ शकतो. गोळीने बरं वाटलं म्हणजे फिट्सच, असंही धरू नका. टोपिरामेट, व्हॅल्प्रोएट ही औषधं दोन्ही आजारांत देतात. व्हॅल्प्रोएट असेल तर मुलीच्या जातीला पुढे गरोदरपणात त्याचा धोका असतो, तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आमच्याकडे उलटं झालं होतं. मुलगा नववीत होता. मे महिन्यात सुरू झालं, पारा ४५च्या वर, म्हणून सगळ्यांनी उन्हावर ढकललं. सासूबाई त्याच्या खिशात कांदा ठेवायच्या. डोकं दुखतं, उलटी होते, एवढंच आम्ही डॉक्टरांना सांगायचो आणि मायग्रेनची गोळी घेऊन यायचो. डोकं दुखायच्या आधीची दोन मिनिटं कोणी विचारली नाहीत, आम्हीही सांगितली नाहीत. यात दोन वर्षं गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग नागपूरच्या धंतोलीतल्या एका न्यूरोलॉजिस्टनी फाईल बाजूला सारून त्याच्यापुढे कोरा कागद आणि स्केचपेनं ठेवली. म्हणाले, दिसतं ते काढ. त्याने डाव्या कोपऱ्यात लाल, पिवळे, निळे गोळे काढले, एकमेकांना चिकटलेले. किती वेळ दिसतात? "शंभर मोजायच्या आत जातात." नेहमी डावीकडेच? "हो." मी शेजारीच बसले होते, आणि हे सगळं पहिल्यांदा ऐकत होते.

मायग्रेनची चमक सहसा अशी नसते. नागमोडी रेघा, बहुतेक काळ्या-पांढऱ्या किंवा चंदेरी, नजरेच्या मध्याजवळ लहानशा सुरू होतात आणि हळूहळू कडेला पसरतात. पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतं. कारण मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर अशी सरकत जाते; लिआओ या ब्राझीलच्या संशोधकाने १९४४ मध्ये ती सशाच्या मेंदूत दाखवली. फिटची वीज मात्र काही सेकंदांत पसरते. मुंग्यांचंही तसंच. बोटांपासून गालापर्यंत चढायला दहा-वीस मिनिटं लागली तर मायग्रेनकडे झुकतं, बघता बघता हातभर झाल्या तर फिटकडे.

ही काही पक्की भिंत नाही. एखादी फिट लांबते, काहींना दोन्ही आजार असतात, आणि फिटनंतर डोकं दुखणं तर अगदी नेहमीचं. म्हणूनच डोकेदुखीवरून काहीच ठरत नाही. ईईजीवरूनही एकट्याने ठरत नाही. आमच्या पोराचा पहिला ईईजी स्वच्छ आला होता. रात्रभर गच्चीवर गप्पा मारत जागं ठेवून सकाळी दुसरा काढला, तेव्हा त्यात फिटची खूण दिसली. उलट मायग्रेनवाल्यांच्या ईईजीतही किरकोळ काहीबाही निघतं, तुमच्या मुलीचं कदाचित तेच असेल. एमआरआय झाला नसेल तर विचारून घ्या. फीतकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन फिट्स येणं आपल्याकडे दुर्मीळ नाही.

पुढच्या वेळी तुम्ही किंवा घरातलं कोणी मोबाईलवर व्हिडिओ घ्या, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. मधेच नाव विचारा, एखादा शब्द सांगा आणि नंतर तो आठवतो का बघा. नजर एकटक होते का, ओठ चाटते का, कपड्याशी चाळा करते का, हे लिहून ठेवा. जीभ चावली गेली, शुद्ध हरपली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ला फोन लावा.

आणि आज संध्याकाळी तिच्यापुढे कागद-स्केचपेनं ठेवाच. तुम्ही काही सुचवू नका, तिला काढू द्या. कागदावर तारीख घाला आणि तोच घेऊन डॉक्टरांकडे जा.