वाचकांचे प्रश्न : प्रार्थना चालू केली म्हणून फिटची गोळी बंद करायची का?

मिशनच्या दवाखान्यातल्या दिवसांबद्दल मागच्या अंकात लिहिलं त्यावर बरीच पत्रं आली, काही तर इतकी मनाला लागणारी की दोन-दोनदा वाचली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी २६ वर्षं नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, तोंडात बसायला वेळ लागतोय) एका खेड्यात सिस्टर लोकांच्या (म्हणजे मिशनमधल्या व्रतस्थ बायकांच्या) दवाखान्यात नर्स होते. मी धर्मपंडित नाही, जे पाहिलं आणि जे फादर-सिस्टरांकडून शिकले तेच सांगते. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, आम्ही नेवासा तालुक्यातले कॅथलिक. मिस्टरांना चार वर्षांपासून फिट येते, गोळ्या चालू आहेत, गेल्या वर्षभरात एकदाच आली. आता सासूबाई दर शुक्रवारी एका प्रार्थनासभेला नेतात, तिथले प्रचारक (ते फादर नाहीत) म्हणतात गोळी घेणं म्हणजे देवावर संशय घेणं, आणि तुमच्या घरात कुणाचं तरी पाप लपलंय. सगळे माझ्याकडे बघतात कारण फिट लग्नानंतर सुरू झाली. गोळी बंद करू का? आणि आपलं चर्च याबद्दल काय म्हणतं?

उत्तर : बाई, आधी गोळी. पुढचं नंतर वाच, आजची गोळी राहिली असेल तर आधी त्यांना दे.

फिटची गोळी अचानक बंद केली की फिट नुसती परत येत नाही, कधी कधी एकामागून एक अशी येते की मधे माणूस शुद्धीवरच येत नाही आणि त्यात जीव जाऊ शकतो. मी पाहिलंय. एका पोराला रात्री बाजेवर घालून आणलं होतं, घरच्यांनी दहा दिवसांपूर्वी गोळ्या बंद केलेल्या, कारण अगदी हेच, कुणीतरी सांगितलं होतं विश्वास दाखवा. सिस्टरांनी इंजेक्शन दिलं, जीप काढली, तालुक्याला नेलं, पण वाटेतच गेला. त्याची आई मला विचारत होती, आमचा विश्वास कमी पडला का हो. आज इतकी वर्षं झाली तरी तो प्रश्न माझ्या कानातून गेलेला नाही, म्हणून तुला एवढं कळकळीने लिहितेय. गोळी कमी करायची किंवा थांबवायची असते ती डॉक्टरच करतात, बहुतेक वेळा दोन वर्षं किंवा जास्त काळ एकही फिट आली नाही तर विचार करतात, आणि तेव्हाही हळूहळू कमी करत जातात.

आता चर्चचं. कॅथलिक बायबलमध्ये सिराकचं पुस्तक आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ते नसतं म्हणून त्या प्रचारकांनी कदाचित वाचलं नसेल. त्याच्या ३८व्या अध्यायात लिहिलंय की वैद्याला मान द्या, त्यालाही देवानेच निर्माण केलंय, आणि औषधं देवानेच जमिनीतून उगवली आहेत, शहाणा माणूस ती नाकारत नाही. आणि तिथेच आजारपणात प्रार्थना करा असंही आहे, दोन्ही एकाच अध्यायात आहे. संत लूक ज्याने शुभवर्तमान लिहिलं तो स्वतः वैद्य होता. येशूचा प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्याला लिहितो की तुझ्या पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेत जा, आता पौलाने काय त्याच्यासाठी प्रार्थना केली नसेल का? आणि पौलाला स्वतःला कसलंतरी दुखणं होतं, काट्यासारखं, त्याने तीनदा देवाकडे मागितलं की काढून टाक, ते गेलं नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

पापाचं जे बोलतात ते मला सगळ्यात जास्त लागलं. योहानाच्या ९व्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस आहे, शिष्य विचारतात कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापाने? येशू सरळ सांगतो, याने पण नाही आणि याच्या आईबापाने पण नाही. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना एका सुनेकडे भरसभेत बोट दाखवायचं? फिट हा मेंदूचा आजार आहे, लग्नाचा नाही आणि पायगुणाचा तर नाहीच नाही. सासूबाईंना हा अध्याय तू वाचून दाखवू नकोस, त्या ऐकायच्या नाहीत, तुमच्या धर्मग्रामाच्या फादरना घरी बोलवून त्यांच्याच तोंडून वाचून घे.

रोममधून १४ सप्टेंबर २००० ला आरोग्यासाठीच्या प्रार्थनांबद्दल एक सूचनापत्र निघालं होतं, तेव्हाचे कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढे जे पोप बेनेडिक्ट १६वे झाले, त्यांची सही आहे. त्यात बरं होण्यासाठी प्रार्थना करायला कुठेही मनाई नाही, उलट ती चांगलीच मानलीये, पण अशा सभांमध्ये आरडाओरडा, नाटकीपणा, सनसनाटी नको आणि त्या बिशपांच्या देखरेखीखाली असाव्यात असं सांगितलंय. फ्रान्समधल्या लूर्दचं उदाहरण घे, तिथे १८५८ मध्ये मरियामातेचं दर्शन झालं, तेव्हापासून लाखो आजारी माणसं जातात आणि बरं झाल्याचं हजारोंनी सांगितलं, तरी २०१८ मध्ये चर्चने जो चमत्कार मान्य केला तो फक्त सत्तरावा होता. एकशे साठ वर्षांत सत्तर! कारण तिथे आधी डॉक्टर लोक कागद तपासतात, आजार खरंच होता का, औषधाने बरा झाला का, परत उलटला का, वर्षानुवर्षं बघतात आणि मगच बिशप बोलतात. जे चर्च चमत्काराच्या आधी डॉक्टरला विचारतं ते तुला गोळी टाकून दे असं कसं सांगेल?

प्रार्थना सोडू नका मात्र. आमच्या सिस्टर इंजेक्शन उकळायला ठेवायच्या (तेव्हा सुया उकळून वापरायच्या) आणि उकळेपर्यंत पेशंटच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणायच्या, पेशंट मराठा असो, महार असो, मुसलमान असो. त्या हाताने माणूस शांत व्हायचा हे मी रोज बघितलंय, श्वास हळू व्हायचा, रडणं थांबायचं. तो पण उपचारच होता असं मी मानते.

आणि हो, फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूचं लागेल असं सामान बाजूला करा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच १०८ ला फोन.

प्रश्न : आम्ही हिंदू, माळी समाजाचे. आईने माझ्या पायासाठी हरेगावला मतमाउलीचा (मरियामातेचा) नवस केला होता, तेव्हापासून दरवर्षी सप्टेंबरात जातो. आता गावातली काही पोरं म्हणतात तिकडे गेलं की बाटवतात. जावं का?

उत्तर : जा हो दादा, जरूर जा. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला ८ सप्टेंबरच्या, म्हणजे मरियामातेच्या जन्मदिवसाच्या सुमाराला जी यात्रा भरते तिला येणाऱ्यांत हिंदू किती आणि ख्रिस्ती किती हे कुणी मोजत नाही. बेलापूर शुगर कंपनीच्या ब्रिटिश काळातल्या साखर कारखान्यामुळे त्या भागात सगळीकडून मजूर आले, ऊसतोडीवाले आले, सगळ्यांची दुखणी सारखीच होती, सगळ्यांनी एकाच माउलीला हाक मारली. मुंबईत वांद्र्याच्या मोत माउलीला पण तेच, मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं बाळ वाहणाऱ्यांत कितीतरी बायका कपाळावर कुंकू लावलेल्या असतात.

मेणबत्ती लावल्याने कुणी ख्रिस्ती होत नाही. कॅथलिक होण्यासाठी मोठ्या माणसाला बराच काळ शिकवण घ्यावी लागते, मग स्वतः मागून बाप्तिस्मा घ्यायचा असतो, यात्रेच्या गर्दीत चुकून होणारी ती गोष्ट नाही. पायाचे व्यायाम मात्र चालू ठेवा, पत्रात तुम्ही लिहिलंय की नवस फेडल्यापासून फिजिओथेरपीला जाणं सोडलं, ते परत चालू करा.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, आम्ही ख्रिस्ती. मित्र म्हणतात परदेशी फादर दुष्काळात धान्य देऊन धर्म वाढवायला आले. मला उत्तर देता येत नाही. ते खरंच आजारी लोकांसाठी वगैरे काही करायचे का?

उत्तर : बाळा, मित्रांवर चिडू नकोस, त्यात थोडं खरं आहे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ भयंकर होता आणि त्या काळात व त्यानंतर नगर भागात मिशनकडे लोक वळले, त्यात महार आणि मांग समाजाचे खूप होते, भूक हे एक कारण होतंच. पण भूक मिटल्यावर पण लोक राहिले ना? कारण ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हतं त्यांच्या झोपडीत कुणीतरी गोरा माणूस वाकून आत आला, चटईवर बसला, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावला. अंगाला हात लावणं ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती हे आजच्या पोरांना सांगूनही कळायचं नाही. माझी आजी सांगायची तिच्या आजीने औषधाचं नाव कधी सांगितलं नाही, हाताचंच सांगितलं.

आणि त्या फादर लोकांचं आयुष्य काही सुखाचं नव्हतं. जर्मन जेझुइट (येशूसंघ नावाच्या कॅथलिक संघाचे फादर) होते त्यांना तर पहिल्या महायुद्धात शत्रू देशाचे म्हणून इंग्रजांनी कैदेत टाकलं, मायदेशी धाडलं, उभी केलेली कामं तशीच टाकून जावं लागलं.

मित्रांना फादर हर्मन बाखर यांचं सांग. स्वित्झर्लंडचे जेझुइट, १९४८ मध्ये भारतात आले आणि उभं आयुष्य नगर भागात काढलं. त्यांनी काय बघितलं, तर माणूस आजारी पडतो कारण खायला नाही, खायला नाही कारण जमीन मेली, आणि जमीन मेली कारण पावसाचं पाणी माती घेऊन वाहून जातं. मग १९७२ चा दुष्काळ आला, तो तर आमच्या घरातले अजून विसरले नाहीत, खडी फोडून सुकडी खाल्ली. पुढे बाखरांनी पाणलोटाचं काम धरलं, १९८९ मध्ये जर्मनीच्या मदतीने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला, १९९३ मध्ये वॉटर (WOTR, पाणलोटाचं काम करणारी) ही संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी बघून ये एकदा. डोंगरमाथ्यापासून सुरुवात करायची, समतल चर, ताली, ओढ्यावर बांध, पण त्याआधी गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान कबूल करायचं, नाहीतर काम नाही. कुणाचा धर्म विचारला नाही, चरात मुरलेलं पाणी ज्याच्या विहिरीत जाईल त्याचं. २०२१ मध्ये ते वारले. आत्मिक आरोग्य म्हणून जे म्हणतात ना, मला विचारशील तर ते मी हातात घमेलं घेतलेल्या त्या बायकांच्या चेहऱ्यावर बघितलंय, ज्यांना आता मुकादमाबरोबर ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं.

प्रश्न : शेजारच्या मुलीच्या अंगात येतं, घरचे म्हणतात फादरकडून भूत काढून घेऊ. फादर काढतात का?

उत्तर : कुठलाही फादर मनाने असं करू शकत नाही, त्यासाठी बिशपांची स्पष्ट परवानगी लागते, आणि चर्चचाच नियम आहे की आधी आजार नाही ना याची डॉक्टरांकडून खात्री करा. त्या मुलीला आधी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या, जिल्हा रुग्णालयात सोय असते, १४४१६ हा टेलीमानसचा (सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा) फोन आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. आणि भूत उतरवायच्या नावाने कुणी तिला मारलं, बांधलं, मिरचीची धुरी दिली तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, मग करणारा कुठल्याही धर्माचा असो. पोलिसांत जा, घाबरू नका. आणि तिला एकटीला बसवून हळूच विचारा की घरात कुणी त्रास देतंय का, शाळा सोडवलीये का, लग्न ठरवलंय का. माझ्या अनुभवात दहातल्या कितीतरी पोरींचं उत्तर तिथेच निघायचं.

प्रश्न : वडिलांना किडनीचा आजार आहे, वय ७८. फादरना तेल लावायला बोलवू म्हटलं तर रडायला लागतात, म्हणतात म्हणजे मी मरणार. काय करू?

उत्तर : तुमच्या वडिलांच्या लहानपणी तसंच होतं, त्याला शेवटचा अभ्यंग म्हणायचे आणि फादर दारात दिसले की शेजारचे मयताच्या तयारीला लागायचे, त्यामुळे त्यांची भीती साहजिक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (रोममध्ये भरलेली जगभरच्या बिशपांची मोठी सभा) १९७२ मध्ये हा विधी बदलला, आता तो आजाऱ्यांचा अभ्यंग आहे, मरणाऱ्यांसाठीच राखून ठेवलेला नाही. याकोबाच्या पत्रात ५व्या अध्यायात आहे ना, कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, तेच हे. मोठ्या ऑपरेशनच्या आधी घेता येतो, म्हातारपणात घेता येतो, आजार वाढला तर परत घेता येतो. आमच्या दवाखान्यात एका आजोबांनी पाच वेळा घेतला आणि पाचही वेळा चालत घरी गेले. पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका.

मी असते तर असं केलं असतं. एकदम तेलाचं नाव काढायचं नाही, आधी फादरना नुसतं चहाला बोलवायचं, दोनदा-तीनदा, वडिलांबरोबर पावसापाण्याच्या, कांद्याच्या भावाच्या गप्पा होऊ द्यायच्या. मग फादरच त्यांना सांगतील की कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात, ते तेल पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वाद देऊन ठेवलेलं असतं. वडिलांनी हो म्हटलं तर पलंगाजवळ छोटं टेबल ठेवा, त्यावर पांढरं कापड, क्रूस, एक मेणबत्ती, आणि फादरना हात पुसायला लिंबाची फोड नाहीतर थोडा कापूस. नातवंडांना खोलीबाहेर काढू नका, त्यांना पलंगाच्या पायाशी बसवा. आणि त्या दिवशी डायलिसिसची तारीख असेल तर आधी डायलिसिस करून या, फादर संध्याकाळी पण येतात.